शंभरात एका बाळाला जन्मतः हृदयाचा दोष असतो हे खरंय का? बहिणीच्या बाळाला छिद्र निघालंय

सांगलीची_मावशी

नमस्कार, इथे नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या धाकट्या बहिणीला अडीच महिन्यांचा मुलगा आहे, दीड महिन्याच्या लसीला नेला तेव्हा डॉक्टरांनी छातीला स्टेथो लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले मरमर येतोय, म्हणजे ठोक्यांत जादा आवाज, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. इकोत निघालं व्हीएसडी ५ एमएम, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, आणि शिवाय लहानसा पीएफओ असंही लिहिलंय. लघवीचं औषध सुरू केलंय, महिन्याने परत बोलावलंय. बाळ दूध ओढताना मध्येच थांबतं, कपाळावर घाम येतो, परत ओढतं, परत थांबतं. जन्मताना २.८ किलो होता आता ३.६ आहे.

आता माझं विचारणं असं की डॉक्टर म्हणाले "घाबरू नका, शंभरात एखाद्या बाळाला काहीतरी असतंच". खरंच इतकं कॉमन आहे का हो? कारण आमच्या अख्ख्या भावकीत, माहेरी-सासरी, कुणाला असं काही झालेलं ऐकलं नाही. बहिणीच्या सासूबाई तर रोज तेच बोलतात, आमच्या घराण्यात नव्हतं, सहाव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा ही विळी घेऊन भाजी चिरत बसली होती, त्याचं झालं. बहीण रडून रडून अर्धी झालीय, तिचंच दूध कमी व्हायला लागलंय. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी पण नॉर्मल होती, जन्मल्यावर तपासलं तेव्हाही सगळं ठीक म्हणाले होते, मग हे आलं कुठून? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

चिऊची_आई

ताई, आधी बहिणीला जवळ घ्या आणि सांगा की तिचं काहीही चुकलेलं नाही. माझ्या मुलीला पण व्हीएसडीच होता, मोठा होता, आठव्या महिन्यात ओपन हार्ट झालं, आता तिसरीत आहे आणि दिवसभर सायकलवरून उतरत नाही. छातीवर मधोमध एक रेघ आहे बस्स.

मी पण तेव्हा हेच म्हणायचे की आमच्यात कुणाला नव्हतं. मग ऑपरेशन करून आलो आणि गावात कळलं तेव्हा एकेक जण हळूच येऊन सांगायला लागलं. शेजारच्या काकूंच्या नातवाला होतं, स्वतःच बुजलं. माझ्या आत्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं की तिचा पहिला मुलगा चार महिन्यांचा असताना गेला तो असाच दूध पिताना घामाघूम व्हायचा, सारखी धाप, सगळे म्हणायचे छाती भरते, डबा होतो, बिब्बा घातला, चटके दिले. तिने चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तर "आमच्यात नव्हतं" ह्याचा अर्थ बरेचदा आमच्यात कुणाला कळलं नव्हतं एवढाच असतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. आम्हाला सुरुवातीला एका ठिकाणी सांगितलं वजन वाढू दे, सहा-सात किलो झाली की बघू. आम्ही चार महिने वजन वाढवत बसलो, नाचणीसत्व काय, तूप काय, काही वाढलं नाही, उलट दोनदा न्यूमोनियाने ॲडमिट झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की छिद्रामुळेच वजन वाढत नाहीये, छिद्र बंद झाल्याशिवाय वाढणार कसं. ऑपरेशननंतर दोन महिन्यांत दीड किलो वाढली पोरगी. ते चार महिने मला अजून टोचतात.

रानवाट

मला वाटतं हे प्रमाण आत्ताच वाढलंय. आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. फवारणीचं खाणं, मोबाईल टॉवर, गरोदरपणातल्या त्या दहा-दहा गोळ्या, ह्यानेच होतंय सगळं. आजीच्या वेळी घरी बाळंतपणं व्हायची आणि दहा-दहा पोरं ठणठणीत.

बालडॉक्टर_सोलापूर

वीस-बावीस वर्षं लहान मुलांचा दवाखाना बघतोय, सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे काम केलंय. जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. जिवंत जन्मलेल्या हजार बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, जगभर थोड्याफार फरकाने हेच. जन्मजात दोषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हाच. भारतात वर्षाला सव्वादोन-अडीच कोटी बाळं जन्मतात, म्हणजे दरवर्षी दोन लाखांच्या वर बाळं हा दोष घेऊन येतात, आणि त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच काहीतरी उपचार लागतो, ऑपरेशन नाहीतर कॅथेटरने (रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून). हे आकडे मोठे वाटतात म्हणून मी आमच्या आशाताईंना दुसऱ्या पद्धतीने सांगतो. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली सपाट भागात ३० हजार लोकसंख्या धरतात. आपल्या राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास, म्हणजे त्या केंद्राच्या गावांत वर्षाला साडेचारशे बाळंतपणं. त्यात चार बाळं हृदयाचा दोष घेऊन आलेली असणारच. दरवर्षी चार. मग केंद्राच्या रजिस्टरला तीन-तीन वर्षं एकही नोंद नसेल तर ती बाळं गेली कुठे, हा प्रश्न मला पडतो.

रानवाट, तुमची काळजी समजते पण "पूर्वी नव्हतं" हे नाही पटत. जगभरच्या नोंदी एकत्र करून बघितल्या तर १९३० च्या सुमारास हजारात एक सुद्धा भरत नव्हतं, ०.६ होतं, आणि १९९५ नंतरच्या नोंदींत ते हजारात ९ च्या वर गेलं. बाळं बदलली म्हणून एवढी वाढ नाही झाली, इको आला, कलर डॉपलर आला, पूर्वी दिसत नव्हती ती लहान लहान छिद्रं दिसायला लागली. आणि आजीच्या वेळची दहा पोरं म्हणताना बारा-तेरा झालेली असायची हो, राहिलेली दहा आपण मोजतो. चिऊच्या आईंनी आत्याचं लिहिलंय ना, तसं आजही आमच्याकडे दहा-बारा वर्षांचं मूल पहिल्यांदाच येतं, नखं-ओठ निळे, विचारलं तर आजी म्हणते आमचा एक चुलता पण असाच होता. गरोदरपणातल्या गोळ्यांमध्ये लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, त्याला कृपा करून नावं ठेवू नका, बायका त्या बंद करतात. काही औषधं मात्र खरंच धोक्याची असतात, फिटची काही, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन, म्हणून दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं.

कारणं म्हणाल तर बहुतेक बाळांत एकच एक कारण सापडत नाही. आईला आधीपासून डायबेटिस असेल आणि साखर ताब्यात नसेल तर धोका वाढतो. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर वाढतो, म्हणून तर गोवर-रुबेलाची लस ९ महिन्यांना आणि दीड वर्षाच्या आसपास असते, ती मुलींची तर अजिबात चुकवू नका. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो. मामाच्या नाहीतर आत्याच्या घरात लग्नं होतात तिथे थोडं जास्त दिसतं.

ग्रहणाबद्दल. हृदय तयार व्हायला लागतं तिसऱ्या आठवड्यात आणि दुसरा महिना सरेपर्यंत त्याच्या भिंती-पडदे घालून झालेले असतात. तोपर्यंत कित्येकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. सहाव्या महिन्यात ग्रहण लागलं तेव्हा ह्या बाळाचं हृदय बांधून तीन-चार महिने झाले होते. सासूबाईंना हे असंच सांगा, वाद न घालता, मी माझ्या ओपीडीत सांगतो तेव्हा बऱ्याच सासवांना पटतं, तारखेचा हिशोब त्यांना छान कळतो.

आता सोनोग्राफीत का नाही दिसलं. पोटात असताना बाळाचं हृदय जेमतेम बोराएवढं, त्यात पडद्यातलं मध्यम छिद्र नेहमीच्या सोनोग्राफीत निसटू शकतं, ह्यात कुणाचा निष्काळजीपणा असेलच असं नाही. शंका असेल तर १८ ते २२ आठवड्यांत फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको) वेगळा करतात. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र आणि पीडीए (हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जोडणारी नळी उघडी राहणं) हे तर पोटात ठरवताच येत नाही कारण पोटातल्या प्रत्येक बाळाला ते दोन्ही मार्ग उघडे असावेच लागतात, फुप्फुसं तेव्हा बंद असतात आणि रक्त तिथूनच फिरतं. रिपोर्टमधला पीएफओ म्हणजे तोच जुना मार्ग नीट मिटायचा राहिलाय, मोठ्या माणसांतही चारातल्या एकाला असतो, त्याने झोप उडवून घेऊ नका.

आणि जन्मल्यावर आवाज का नव्हता. पहिल्या दिवसांत फुप्फुसांतला दाब जास्त असतो, दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा, म्हणून छिद्र असूनही त्यातून रक्त फारसं वाहत नाही, आवाज येत नाही. चार ते सहा आठवड्यांत फुप्फुसांतला दाब उतरतो, मग रक्त जोरात तिकडे घुसायला लागतं, मरमर ऐकू येतो, धाप लागते, दूध पिताना घाम येतो. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी दीड महिन्याच्या लसीला स्टेथो लावून ऐकलं ही फार मोलाची गोष्ट केली. लसीच्या दिवशी रांग असते, बरेच ठिकाणी नुसती सुई टोचून पाठवतात.

मी रिपोर्ट आणि बाळ न बघता ऑपरेशन लागेल की नाही हे सांगणार नाही. छोटी छिद्रं, विशेषतः स्नायूच्या भागातली, पहिल्या दोन वर्षांत पुष्कळ आपोआप बुजतात. पण तुम्ही दिलेल्या वजनाकडे बघा. ह्या वयात रोज २५ ते ३० ग्रॅम वाढ हवी, ह्या बाळाचं ७५ दिवसांत ८०० ग्रॅम, म्हणजे रोज जेमतेम ११. आणि घाम. त्यामुळे "महिन्याने या" म्हटलं असलं तरी मी असतो तर दर आठवड्याला वजन केलं असतं आणि पेडियाट्रिक कार्डिओलॉजिस्टची भेट ह्याच पंधरवड्यात घेतली असती. चिऊच्या आईंचं वाक्य लिहून ठेवा, वजन वाढायची वाट बघत बसू नका. मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात आणि मग छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं, अशी मुलं मी परत पाठवलेली आहेत, त्यांच्या आईबापांच्या डोळ्यांत बघवत नाही.

सेविकाताई

यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी आहे माझी. डॉक्टरसाहेबांनी चार बाळांचं लिहिलं ते वाचून थांबलेच मी. माझ्याच अंगणवाडीतला एक पोरगा, साडेतीन वर्षांचा, खेळता खेळता मध्येच उकिडवा बसायचा. बाकीची पोरं पळायची, हा दोन पावलं पळाला की गुडघे पोटाशी घेऊन बसला, जरा वेळाने परत उठायचा. मला वाटायचं पोटात जंत असतील, त्याची आई म्हणे आळशी आहे. रडला की ओठ जांभळासारखे व्हायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली, अंगणवाडीला ती वर्षातून दोनदा येते आणि शाळेत एकदा, दोन डॉक्टर असतात, एक फार्मासिस्ट, एक नर्स. मॅडमनी त्याला उकिडवं बसलेलं बघितलं, बोटं बघितली, पुढून गोल झाली होती, आणि तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली. जिल्ह्याला इको झाला, टेट्रालॉजी ऑफ फॅलो निघालं, म्हणजे हृदयात चार बिघाड एकत्र, मुंबईला ऑपरेशन झालं, पैसा लागला नाही. आता पहिलीत आहे.

उकिडवं बसल्याने त्या पोराला बरं वाटायचं, त्याचं त्यालाच शोधून काढलेलं औषध होतं ते, असं मॅडमनी सांगितलं. आम्हाला दंडघेर मोजायला शिकवलं, वजन-उंचीचं ॲप दिलं, पण हे कुणी शिकवलं नव्हतं. आता मी प्रत्येक आईला विचारते, पोरगं दूध पिताना दमते का, घाम येते का, वारंवार छाती भरते का.

मावशीताई तुम्ही तुमच्या भागातल्या आशाला नाहीतर अंगणवाडीवाल्या बाईला गाठा. तो कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना आहे. २०१३ मध्ये सुरुवातच आपल्या पालघरातून झाली होती त्याची. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून मुलांमधले दोष लवकर शोधून उपचार करायचा विभाग असतो तिथून पुढची कागदं होतात. रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला एवढं तयार ठेवा, जन्मदाखल्यापायी खूप लोकांचे आठ-आठ दिवस जातात.

न्यूजर्सीकर

इथलं एक सांगतो. माझी मुलगी इथे जन्मली तेव्हा दुसऱ्या दिवशी नर्सने उजव्या हाताला आणि एका पायाला तो ऑक्सिजनचा चिमटा लावून बघितला. विचारलं तर म्हणाली हृदयासाठी, कायद्यानेच करावं लागतं. नंतर कळलं की २०११ मध्ये प्रत्येक बाळासाठी ही तपासणी सक्तीची करणारं न्यूजर्सी अमेरिकेतलं पहिलं राज्य. मिनिटा-दोन मिनिटांचं काम, सुई नाही की काही नाही. कोविडमध्ये आपल्याकडे घरोघर पल्स ऑक्सिमीटर आले, मग प्रत्येक बाळंतपणाच्या ठिकाणी हे का होऊ नये? ह्या ताईंच्या बाळाचंही जन्मतःच कळलं असतं.

बालडॉक्टर_सोलापूर

न्यूजर्सीकर, मुद्दा शंभर टक्के मान्य, फक्त बारीकशी दुरुस्ती. ताईंच्या बाळाचं त्यात कळलं नसतं. साध्या व्हीएसडीत शुद्ध रक्त चुकीच्या बाजूला जातं, ऑक्सिजन ९७-९८ च दिसतो. चिमट्याने सापडतात ती निळी बाळं, ज्यांच्या धमन्या उलट्या जोडल्या गेल्यात वगैरे, आणि ती पहिल्या आठवड्यातच जातात त्यामुळे ती सापडणं जास्त तातडीचं. म्हणून दोन्ही हवं, जन्मल्यावर २४ तासांनी चिमटा आणि दीड महिन्याला स्टेथो. हात आणि पाय दोन्हीकडे बघायचं, ९० च्या खाली आलं तर लगेच पुढे पाठवायचं. घरच्या घरी मोठ्यांच्या बोटाचा चिमटा बाळाला लावू नका मात्र, भलतेच आकडे येतात आणि लोक रात्री दोनला फोन करतात.

केरळने २०१७ पासून हृद्यम नावाने नोंदणीच ऑनलाइन केली, बाळ सापडलं की नाव चढतं, किती तातडीचं ते ठरतं आणि ऑपरेशनची सोय होते. मला आपल्याकडे तेच हवंय. आपल्याकडे योजना आहेत, पैसेही मिळतात, बाळ आणि योजना यांची गाठ उशिरा पडते.

सांगलीची_मावशी

सगळ्यांचे किती आभार मानू. सगळं बहिणीला फोनवर वाचून दाखवलं, चिऊच्या आईचं तर दोनदा. सासूबाईंना मीच तारखांचा हिशोब सांगितला, पाळीची तारीख, ग्रहणाची तारीख, बोटांवर मोजून. गप्प बसल्या. मग संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या की त्यांच्या नणंदेचं एक बाळ असंच दूध पिताना काळं-निळं होऊन गेलं होतं. बहीण म्हणाली ताई, हे त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं.

डॉक्टर दोन प्रश्न राहिले. ह्याच्या लसी चालू ठेवायच्या का, शेजारी म्हणतात हृदयाचं आहे तर देऊ नका. आणि पुढचं मूल झालं तर त्यालाही होईल का?

बालडॉक्टर_सोलापूर

लसी सगळ्या वेळेवर द्यायच्या, ह्या बाळांना तर जास्त गरज, एक न्यूमोनिया त्यांना फार महागात पडतो. पुढच्या मुलाला शक्यता साधारण शंभरात दोन-तीन, म्हणजे शंभरातली सत्त्याण्णव बाळं ठीकच असतील, फक्त त्यावेळी फीटल इको करून घ्या. दूध थोडं थोडं, दर दोन तासांनी, ओढून दमत असेल तर काढून वाटी-चमच्याने पाजा. मिनिटाला साठच्या वर श्वास, दूध अजिबात सोडलं, किंवा ओठ निळे दिसले तर दिवस-रात्र न बघता दवाखाना.

चिऊची_आई

ताई, मुंबईला जायची वेळ आली तर खारघरला श्री सत्य साई संजीवनी म्हणून लहान मुलांच्या हृदयाचं हॉस्पिटल आहे, तिथे पैसे घेतच नाहीत, परळला वाडियाही आहे. आणि बहिणीला सांगा ऑपरेशननंतर आयसीयूत बाळाला नळ्या लावलेल्या बघून आपण खचतो, मी खचले होते, दुसऱ्या दिवशी चिऊने डोळे उघडून माझं बोट धरलं.

सांगलीची_मावशी

अपडेट. आशाताईंनी सांगितल्यावर गाडीतल्या डॉक्टर मॅडम घरी येऊन बघून गेल्या, डीईआयसीची चिठ्ठी मिळाली, येत्या बुधवारी कार्डिओलॉजिस्टचा इको आहे. आज वजन केलं, ३ किलो ७१०. वाटी-चमच्याने सुरू केलंय, रात्रीचं पाजायला सासूबाई उठतायत. जन्मदाखल्यावर आईच्या नावात चूक निघाली आहे, ती उद्या ग्रामपंचायतीत जाऊन दुरुस्त करतो.